दगडातील आम्लाला लगाम

जालना (प्रतिनिधी) : शहराभोवतीच्या दगडखाणींत सुरुंग उडाला, की काळ्या पाषाणाच्या पोटातून कधीकधी पांढऱ्या, फिकट गुलाबी वा हिरवट स्फटिकांनी मढलेली पोकळी उघडी पडते. खाणीवरचे मजूर तिला सरसकट 'गारगोटी' म्हणतात. चांगला तुकडा हाती लागला तर तो बाजूला निघतो आणि व्यापाऱ्यांकरवी परदेशातील संग्राहकांपर्यंत पोहोचतो. उरलेले सारे खडी क्रशरच्या जबड्यात जाऊन रस्त्याखाली गाडले जाते. जगातील कित्येक खनिजसंग्रहांत स्फटिकाशेजारच्या चिठ्ठीवर 'जालना, महाराष्ट्र' असे लिहिलेले असते, हे जालनेकरांनाच फारसे ठाऊक नसावे.

या गारगोट्यांत स्टिल्बाइट आणि हुलँडाइट ही खनिजे प्रामुख्याने आढळतात. ती दोन्ही 'झिओलाइट' या कुळातील होत. (त्यांच्याच शेजारी सापडणारा देखणा हिरवा अपोफिलाइट मात्र झिओलाइट नव्हे, बाजारात तो बहुधा याच मंडळींच्या पंक्तीला बसवला जातो, एवढेच.) क्रोन्स्टेट या स्वीडिश खनिजशास्त्रज्ञाने १७५६ मध्ये असाच एक स्फटिक ज्योतीवर धरला, तेव्हा तो उकळल्यासारखा फसफसला. त्यावरून त्याने ग्रीक भाषेतील 'उकळणे' व 'दगड' हे शब्द जोडून झिओलाइट हे नाव तयार केले. दगड अर्थातच उकळत नव्हता. त्याच्या अंतर्भागातील सूक्ष्म पोकळ्यांत दडलेले पाणी वाफ होऊन बाहेर पडत होते. आज पेट्रोलपासून पॉलिस्टरच्या साडीपर्यंत अनेक वस्तूंच्या निर्मितीत याच कुळातील, पण कारखान्यात घडविलेले स्फटिक राबत असतात. त्यांचे काम आम्लाचे असते, आणि त्या आम्लाची धार किती असावी हे ठरविण्याची जी विद्या गेल्या अर्धशतकात विकसित झाली, तिच्यात पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचा, म्हणजेच एनसीएलचा, मोठा वाटा आहे.

दगड आम्ल कसा होतो?

आम्ल म्हटले की डोळ्यांसमोर येते ते गंधकाम्लाचे पिंप किंवा घरातले लिंबू. कोरडा, पांढरा, चवहीन दगड आम्ल असतो, हे सहजासहजी पटत नाही. ते समजून घेण्यासाठी झिओलाइटची घडण पाहावी लागेल.

झिओलाइटचा सांगाडा सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांचा बनलेला असतो. प्रत्येक सिलिकॉन अणूभोवती चार ऑक्सिजन अणू असतात आणि प्रत्येक ऑक्सिजन दोन शेजाऱ्यांमध्ये सामाईक असतो. घरांच्या सामाईक भिंतीसारखी ही रचना पसरत जाते, फरक एवढाच की तिच्यात ठरावीक मापाच्या बोळी सोडलेल्या असतात. उद्योगात सर्वाधिक नावाजलेल्या 'झेडएसएम-५' या झिओलाइटमधील बोळ साधारण ०.५५ नॅनोमीटर रुंद असतो. एक नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. बेंझीनसारखा रेणू त्यातून अंग चोरून जाऊ शकतो, त्याहून लठ्ठ रेणू दारातच अडतो. अमेरिकेतील मोबिल या तेलकंपनीला या झिओलाइटचे पेटंट १९७२ मध्ये मिळाले.

निव्वळ सिलिकॉनचा सांगाडा विद्युतदृष्ट्या समतोल असतो, त्यामुळे त्यात आम्लता जवळपास नसते. सिलिकॉनची संयुजा चार. त्याच्या एखाद्या जागी संयुजा तीन असलेला ॲल्युमिनियमचा अणू बसवला, की त्या ठिकाणी एक ऋण भार शिल्लक राहतो. निसर्गात तो भार सोडियम वा कॅल्शियम फेडतात. जालन्याच्या स्टिल्बाइटमध्ये नेमके हेच घडलेले असते. प्रयोगशाळेत त्या धातूच्या आयनांना हटवून तिथे हायड्रोजनचा आयन, म्हणजे प्रोटॉन, आणता येतो. हा प्रोटॉन ॲल्युमिनियम आणि सिलिकॉन यांच्यामधील ऑक्सिजनवर टेकलेला असतो. समोर आलेल्या रेणूला तो देऊन टाकता येणे, हीच दगडाची आम्लता होय.

मग खाणीतला झिओलाइट उचलून कारखान्यात का वापरू नये, असा प्रश्न साहजिकच मनात येतो. अडचण टिकाऊपणाची आहे. हुलँडाइट चारशे अंश सेल्सिअसच्या आसपास तापविला की त्याचा सांगाडा कोसळू लागतो, तर तेलशुद्धीकरण कारखान्यात उत्प्रेरकाला पुनरुज्जीवनासाठी सातशे अंशांच्या घरातील उष्णता आणि वाफ सोसावी लागते. शिवाय नैसर्गिक स्फटिकातील बोळी अरुंद आणि धातूंचे प्रमाण निसर्गाच्या मर्जीवर. त्यामुळे जालन्याची गारगोटी ही या उद्योगाची थोरली बहीण खरी, पण कामाला जाते ती धाकटी.

संख्या वेगळी, धार वेगळी

या विषयात नेहमी होणारी गल्लत येथेच दूर करावयास हवी. आम्लस्थानांची संख्या आणि त्यांची तीव्रता या दोन भिन्न गोष्टी आहेत. भोकरदन तालुक्यातील पिंपळगाव रेणुकाईच्या मिरची बाजारात वावरणाऱ्याला हे समजावून सांगण्याची गरज नाही. कालवणात मिरच्या किती टाकल्या हा एक प्रश्न आणि मिरची ढोबळी की लवंगी हा दुसरा. ढोबळीची पाटीभर भाजीही डोळ्यांत पाणी आणत नाही.

मिरच्यांची संख्या बदलणे तुलनेने सोपे. झेडएसएम-५ च्या स्फटिकातील आवर्ती घटकात सिलिकॉनसाठी ९६ जागा असतात. सिलिकॉन व ॲल्युमिनियम यांचे प्रमाण तीसास एक ठेवले, तर त्यांपैकी सुमारे तीन जागी ॲल्युमिनियम बसतो. मोबिलच्या हाग, लागो आणि वाइझ या संशोधकांनी १९८४ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात दाखवून दिले, की या झिओलाइटची हेक्झेन तोडण्याची क्षमता ॲल्युमिनियमच्या प्रमाणात सरळ रेषेत वाढते. म्हणजे प्रत्येक आम्लस्थान जवळपास सारख्याच ताकदीचे. ॲल्युमिनियम दुप्पट, तर काम दुप्पट. पण मिरची मात्र तीच.

वाण बदलायचा असेल तर ॲल्युमिनियमच्या जागी दुसरा धातू बसवावा लागतो. यालाच रसायनशास्त्रात समरूपी प्रतिस्थापन म्हणतात : सांगाड्याचे रूप तेच, त्यातील एक रहिवासी बदललेला. गॅलियम, लोह आणि बोरॉन यांची संयुजाही तीनच असल्याने प्रत्येक जागी पुन्हा एक प्रोटॉन येतो. परंतु त्या प्रोटॉनचे दावे किती सैल, हे शेजारी कोण आहे यावर ठरते. ॲल्युमिनियम मधल्या ऑक्सिजनकडून विद्युतकण स्वतःकडे जोराने ओढतो. त्यामुळे ऑक्सिजनची प्रोटॉनवरील पकड ढिली होते आणि प्रोटॉन सहज सुटतो. गॅलियमची ओढ थोडी कमी, लोहाची आणखी कमी. बोरॉनचा अणू तर इतका लहान असतो, की तो तीनच ऑक्सिजन अणूंशी सलगी करून चौथ्याकडे जवळपास पाठ फिरवतो. परिणामी त्या चौथ्या ऑक्सिजनवरचा प्रोटॉन घट्ट बांधलेलाच राहतो.

मोबिलच्याच चू आणि चँग या द्वयीने १९८५ मध्ये चारही प्रकारचे स्फटिक शेजारी ठेवून ही उतरंड मांडली : सर्वांत तीव्र ॲल्युमिनियम, मग गॅलियम, मग लोह आणि बरेच खाली बोरॉन. ही धार मोजतात कशी, तेही पाहण्यासारखे आहे. स्फटिकावर अमोनिया वायू सोडतात. अमोनिया अल्कधर्मी असल्याने तो आम्लस्थानांना चिकटतो. मग हळूहळू तापमान वाढवीत न्यावयाचे आणि अमोनिया कोणत्या अंशाला सोडचिठ्ठी देतो ते टिपायचे. ॲल्युमिनियमच्या तीव्र जागांवरील अमोनिया सुटण्यास साडेतीनशे ते साडेचारशे अंश लागतात. बोरॉनच्या बाबतीत दोनशे अंशांच्या आसपासच बहुतेक अमोनिया निघून गेलेला असतो. दुसरी पद्धत अवरक्त किरणांची. ऑक्सिजन व हायड्रोजन यांच्यातील बंधाचे कंपन ॲल्युमिनियमच्या स्फटिकात ३६१० या तरंगसंख्येला दिसते, तर बोरॉनच्या स्फटिकात ३७२५ च्या जवळ. निव्वळ सिलिकॉनवरील, जवळपास निराम्ल अशा गटाचे कंपन ३७४० च्या घरात असते. बंध जितका घट्ट तितका आकडा मोठा. बोरॉन आम्लतेच्या कोणत्या टोकाला उभा आहे, हे या आकड्यांतूनच कळते.

सौम्य आम्ल कशाला हवे?

तीव्र आम्ल उपलब्ध असताना मुद्दाम सौम्य आम्ल घडविण्याचा खटाटोप कोणी करावा? याचे उत्तर कारखान्याच्या नफ्या-तोट्यात आहे. तीव्र आम्लस्थान हवा असलेला रेणू तयार करून थांबत नाही. ते त्याला पकडून ठेवते, मोडते, दुसऱ्याशी जोडते आणि अखेर काजळीसारखा कोळसा करून स्वतःच्याच बोळी बुजवून घेते. मग उत्प्रेरक बाहेर काढा, कोळसा जाळा, पुन्हा भरा. प्रत्येक फेरीत वेळ आणि पैसा जातो, आणि मूळ मालाचा काही हिस्सा निरुपयोगी पदार्थांत वाया जातो तो वेगळाच.

झायलीनचे उदाहरण घ्या. बेंझीनच्या कड्यावर दोन मिथिल गट बसले की झायलीन होते, आणि ते गट कुठे बसले त्यावरून त्याची ऑर्थो, मेटा आणि पॅरा ही तीन रूपे ठरतात. पॉलिस्टरच्या धाग्याला हवे असते ते केवळ पॅरा रूप. उरलेल्या दोहोंचे पॅरामध्ये रूपांतर करावयाचे, तर आम्लाने प्रोटॉन देऊन मिथिल गटाला त्याच कड्यावर शेजारच्या जागी सरकवायचे. आम्लाची धार अतिरेकी असेल वा पोकळी ऐसपैस असेल, तर तो गट शेजारच्या रेणूवर उडी मारतो. टोल्युइन आणि तीन मिथिलांचे बेंझीन तयार होते आणि झायलीन हातचे जाते. अमेरिकेतील अमोको कंपनीने या कामासाठी बोरॉनयुक्त झिओलाइट वापरला, तो यामुळेच.

याच्याही पुढची पायरी जपानमध्ये गाठली गेली. नायलॉनचा कच्चा माल असलेले कॅप्रोलॅक्टम तयार करताना पूर्वापार गंधकाम्ल वापरले जाते आणि त्यातून अमोनियम सल्फेटचे ढीग उपउत्पादन म्हणून निघतात. सुमितोमो कंपनीने २००३ मध्ये यातील शेवटच्या टप्प्यासाठी ॲल्युमिनियम जवळपास नसलेला, अत्यंत मंद आम्लतेचा सिलिकाचा स्फटिक कारखान्यात उतरवला आणि त्या टप्प्यातून गंधकाम्ल हद्दपार केले. आम्ल इतके सौम्य, की पाठ्यपुस्तकी अर्थाने त्याला आम्ल म्हणावे की नाही याबद्दलच वाद व्हावा!

पुण्याची कामगिरी

पुण्यात पाषाण येथे १९५० मध्ये सुरू झालेल्या एनसीएलमध्ये झिओलाइटवरील कामाला खरी गती आली ती डॉ. पॉल रत्नसामी यांच्यामुळे. तमिळनाडूतून आलेले रत्नसामी पुढे १९९५ ते २००२ या काळात या प्रयोगशाळेचे संचालक होते. त्या काळी उत्प्रेरक परदेशातून आणायचा, त्याच्या तंत्रज्ञानाचे शुल्क भरायचे आणि त्यात काय आहे हे मात्र विचारायचे नाही, अशी रीत होती. एनसीएलने झेडएसएम-५ च्या घराण्यातील आपला उत्प्रेरक घडविला आणि त्याला 'एनसिलाइट' असे नाव दिले. प्रयोगशाळेच्या नावाचा ध्वनी त्यात सहज ऐकू येतो. बडोद्याच्या तत्कालीन आयपीसीएल कारखान्यात १९८५ मध्ये झायलीनच्या रूपांतरासाठी तो वापरात आला.

त्यानंतरची 'अल्बीन' ही प्रक्रिया महाराष्ट्राच्या दृष्टीने अधिक जिव्हाळ्याची म्हणावी लागेल. पॉलिस्टायरीनसाठी लागणारे इथिलबेंझीन जगात सामान्यतः बेंझीन आणि इथिलीन वायू यांच्यापासून बनते. जुन्या पद्धतीत त्यासाठी ॲल्युमिनियम क्लोराइड हे दाहक, यंत्रे गंजविणारे आणि वापरानंतर घाण पाण्याच्या रूपाने उरणारे आम्ल लागे. एनसीएलच्या प्रक्रियेत इथिलीनऐवजी थेट अल्कोहोल वापरले गेले, म्हणजे साखर कारखान्याच्या मळीपासून निघणारे, आणि दाहक आम्लाची जागा घेतली ती झिओलाइटच्या कोरड्या गोळ्यांनी. विशाखापट्टणमच्या हिंदुस्थान पॉलिमर्स या कारखान्यात ही प्रक्रिया उभी राहिली.

हे उत्प्रेरक ॲल्युमिनियमच्याच वाणाचे होते. मात्र त्याच सुमारास प्रयोगशाळेतील दुसऱ्या टेबलावर वाण बदलण्याचे काम चालू होते. डॉ. राजीव कुमार आणि रत्नसामी यांनी ॲल्युमिनियमऐवजी लोह बसविलेले अनेक झिओलाइट तयार केले आणि १९९१ मध्ये या 'फेरिसिलिकेट' स्फटिकांवर एक विस्तृत आढावा प्रसिद्ध केला. या विषयात आजही त्याचा हवाला दिला जातो.

लोहाला सांगाड्यात बसविणे हे वाटते तितके सरळ नाही. झिओलाइट शिजतो तो क्षारयुक्त, अल्कधर्मी पाण्यात. आणि अशा पाण्यात लोहाचे क्षार पडले की लगेच तांबूस गाळ होऊन तळाला बसतात. सळईच्या कारखान्यांच्या या शहरात गंज म्हणजे काय हे कोणी सांगायला नको. त्यावर तोड अशी, की लोह आणि सिलिका आधी आम्लयुक्त पाण्यात एकजीव करून घ्यायचे, लोहाला सिलिकाच्या सहवासात गुंतवायचे आणि मगच मिश्रण अल्कधर्मी करून बंद भांड्यात तापवायचे. काम साधले की नाही, याची पहिली परीक्षा कोणत्याही यंत्राविना होते. लोह खरोखर सांगाड्यात जाऊन बसले असेल तर भुकटी पांढरीशुभ्र निघते. ती तपकिरी दिसली, तर लोह बाहेरच राहिले, स्फटिकाच्या अंगाला गंज लागला असे खुशाल समजावे. लोह असूनही पांढरी असणारी ही भुकटी हाच तिच्या अस्सलपणाचा पुरावा, हे मोठे गमतीचे आहे. पुढची खातरजमा अर्थातच उपकरणांनी होते.

गॅलियमचे काम त्याच प्रयोगशाळेत डॉ. वसंत रा. चौधरी यांनी केले. गॅलियमचा स्वभाव दुहेरी. सांगाड्यात बसलेला गॅलियम प्रोटॉन पुरवतो, तर उष्णतेने सांगाड्याबाहेर पडलेला थोडा गॅलियम रेणूतील हायड्रोजन काढून घेण्याचे काम करतो. दोघांनी मिळून प्रोपेनसारख्या, घरगुती गॅसच्या सिलिंडरमधील साध्या वायूचे बेंझीन आणि टोल्युइन यांत रूपांतर करता येते. चौधरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी मिथेनसारखा हट्टी वायू इतर हायड्रोकार्बनांच्या संगतीत ४०० ते ६०० अंशांना कामाला लावण्याचे प्रयोग गॅलियम-ॲल्युमिनियमच्या अशाच झिओलाइटवर केले. त्यांचा निबंध १९९७ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आला.

तीनऐवजी चार संयुजेचा धातू बसवला तर काय होते, याचाही शोध पुण्यात घेतला गेला. टायटॅनियम वा कथिल सिलिकॉनच्या जागी आले, की भाराचा हिशेब बिघडत नाही, म्हणून प्रोटॉनही येत नाही. पण हे धातू स्वतःच दुसऱ्या रेणूचे विद्युतकण स्वीकारू शकतात. ही आम्लता निराळ्या जातीची असते. इटलीच्या एनिकेम समूहाने १९८३ च्या सुमारास पुढे आणलेल्या टायटॅनियमयुक्त स्फटिकावर एनसीएलमध्ये १९९० च्या दशकात पुष्कळ काम झाले. कथिलाच्या स्फटिकाने तर पुढे, २०१० मध्ये अमेरिकेत, पाण्यातील ग्लुकोजचे फ्रुक्टोज करून दाखविले. तोवर हे काम मुख्यतः विकरांचे मानले जात असे.

धार कमी, आयुष्यही कमी?

या सर्व कौतुकात एक अडचण सांगितलीच पाहिजे. सौम्य आम्लता देणारे धातू सांगाड्यात तितक्या निष्ठेने राहत नाहीत. वाफेच्या संगतीत तापवले की लोह हळूहळू बाहेर पडते आणि पांढऱ्या भुकटीवर तपकिरी छटा येऊ लागते. बोरॉन तर गरम पाण्यानेही धुऊन निघतो. म्हणजे ज्या सैल-घट्ट बंधांमुळे धार कमी झाली, तेच बंध आयुष्यही कमी करतात. प्रयोगशाळेत सुरेख वागणारा स्फटिक कारखान्यात दोन वर्षे टिकेल का, हा प्रश्न प्रत्येक प्रतिस्थापनाला विचारावा लागतो, आणि पुष्कळशी संशोधने नेमकी येथेच अडखळतात. ॲल्युमिनियमची मक्तेदारी अद्याप मोडलेली नाही, त्याचे मुख्य कारण हेच असावे.

जालन्याला या विद्येशी आता केवळ खाणींचेच नाते उरलेले नाही. मुंबईत १९३३ मध्ये स्थापन झालेल्या रसायन तंत्रज्ञान संस्थेचा, म्हणजे आयसीटीचा, मराठवाडा परिसर २०१८ पासून जालन्यात सुरू झाला. याच संस्थेच्या मुंबईतील प्रयोगशाळेत, मूळचे कोल्हापूर जिल्ह्यातील असलेले माजी कुलगुरू पद्मश्री डॉ. गणपती यादव यांनी द्रवरूप आम्लांना पर्याय देणारे घन आम्ल उत्प्रेरक घडविले आणि त्यांना संस्थेच्या जुन्या नावावरून 'यूडीकॅट' असे नाव दिले. ते झिओलाइट नव्हेत, झिर्कोनियमच्या ऑक्साइडवर आधारित आहेत. परंतु प्रश्न तोच, आम्लाची धार कामापुरती कशी ठेवावी.

आणि काम तर दारातच आहे. जिल्ह्याच्या दक्षिणेस अंबड-घनसावंगीचा पट्टा उसाचा. देशात पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट २०२५ मध्ये गाठले गेले, त्यामुळे तूर्त उसाच्या अल्कोहोलचा ओढा इंधनाकडे आहे. पण अल्कोहोलमधून पाणी काढले की इथिलीन मिळते, आणि प्लास्टिकपासून औषधांपर्यंतच्या असंख्य रसायनांचा उगम त्यातच आहे. हे पाणी काढण्यासाठी घन आम्ल लागते. ते फारच मंद असेल तर तापमान वाढवावे लागते आणि इंधन जळते; तीव्र असेल तर इथिलीनचे रेणू एकमेकांना जोडले जाऊन कोळसा साचतो. वाफ तर या अभिक्रियेत स्वतःच निर्माण होते, म्हणजे सांगाड्यातून धातू निसटण्याची भीती पहिल्या दिवसापासून. मधली धार आणि पुरेसे आयुष्य असा दुहेरी पेच सोडविणारा स्फटिक स्वस्तात घडविता येईल का, यावर जगभरच्या प्रयोगशाळांत काम चालू आहे. जालन्यातील विद्यार्थ्यांना त्या कामासाठी सिलिका, धातूचा क्षार आणि बंद भांड्यातील काही दिवसांची उष्णता एवढेच लागेल. फसफसणारा नमुना हवाच असेल, तर तो जवळच्या खाणीत खडीबरोबर पडलेला असतोच.